ऑन-रोडचा कागद पुढं ठेवा, मग बोलू

"नमस्कार. मी कोल्हापुरातल्या कसबा बावड्यात राहते, गारगोटीकडच्या एका हायस्कूलमध्ये शिकवते. माझ्या नावावर २०१३ ची अल्टो आहे, ती आता रोजच्या येण्याजाण्याला दमलीय म्हणून नवी पेट्रोल हॅचबॅक घ्यायची ठरवलंय. शोरूममध्ये मिस्टरांचा मावसभाऊ कामाला आहे, त्यानं ८,८६,१०० ऑन-रोडचं कोटेशन दिलंय, फोटो जोडलाय. म्हणतो वहिनी हा घरचा रेट आहे, कुणाला सांगू नका, ऑफर आजच्या दिवसच आहे. असं म्हणत चार दिवस झाले. सासूबाईंना दसऱ्याला गाडी दारात हवी आहे आणि पाव्हण्याबरोबर घासाघीस केलेली बरी दिसत नाही असं घरात सगळ्यांचं मत. बेळगावचे काका म्हणतात तिकडं स्वस्त पडते. आणि शोरूममध्ये गेलं की सगळे माझ्या भावाशीच बोलतात, पैसे मी भरणार असले तरी. सहा लाख लोन काढणार आहे. काय करू?"

ताई, कोटेशनचा फोटो जोडलात ते लई बरं केलंत. नाहीतर लोक नुसतं 'गाडी नऊ लाखाला पडतीय, जास्त आहे का' एवढंच विचारतात, मी काय ज्योतिषी आहे होय. तुमचा कागद चहा गार होईपर्यंत वाचत बसलो. वाचणाऱ्यांसाठी मांडतो: एक्स-शोरूम (म्हणजे नुसत्या गाडीची किंमत) ७,२०,०००, आरटीओ ८८,५००, इन्शुरन्स ४४,०००, हँडलिंग चार्ज ८,५००, ॲक्सेसरीज किट २४,०००, एक्स्टेंडेड वॉरंटी १४,०००, टेफ्लॉन कोटिंग ६,५००, फास्टॅग ६००. बेरीज ९,०६,१००, त्यातनं घरचा डिस्काउंट म्हणून २०,००० वजा.

पूर्वी जनावरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटं धरून सौदा करायचे, शेजारी उभ्या असलेल्याला आकडा कळू नये म्हणून. शोरूममध्ये रुमाल नसतोय, एसी असतोय, सोफा असतोय, कोल्ड कॉफी येतीय, पण आकडा झाकायची रीत तीच. एका आकड्याचे आठ तुकडे करायचे, पहिल्या तुकड्यावर वीस हजार सोडल्यासारखं करायचं आणि उरलेल्या सात तुकड्यांत ते परत गोळा करायचे. म्हणून एक्स-शोरूमवर किती सोडता हे विचारूच नका. फक्त शेवटचा आकडा, ऑन-रोड, सगळं धरून, एका कागदावर. बोलायचं ते त्याच आकड्यावर.

आता एकेक तुकडा उचलून बघू.

आरटीओ. महाराष्ट्रात दहा लाखाच्या आतल्या पेट्रोल गाडीला, वैयक्तिक नावावर घेतली तर, वन टाइम टॅक्स ११ टक्के आहे (डिझेलला १३). तुमच्या ७,२०,००० वर ११ टक्के म्हणजे ७९,२००. त्यावर रजिस्ट्रेशन फी, स्मार्ट कार्ड, लोनचा बोजा चढवायची फी असं किरकोळ धरलं तरी चार-साडेचार हजारांच्या वर जात नाही. म्हणजे ८३-८४ हजारात भागतंय, तिथं ८८,५०० लावलेत. विचारलं की सांगतील 'मॅडम, पासिंगचं असतंय थोडं इकडं तिकडं'. त्यावर भांडायचं नाही, एकच वाक्य बोलायचं: "आरटीओला जेवढे भरले तेवढ्याची पावती द्या, मी तेवढेच देणार." सरकारी भरणा ऑनलाइन होतोय, पावती निघतेच, त्यात लपवण्यासारखं काही नसतंय.

हँडलिंग चार्ज. हा कुठलाही सरकारी टॅक्स नाही आणि गाडी दारापर्यंत आणून विकायचं काम डीलरचं आहे, त्यासाठी त्याला कंपनीकडनं मार्जिन मिळतंय. ८,५०० सरळ खोडा. मी स्वतः एका गाडीला हे भरलेत, तेही दुसऱ्याच नावानं, कागदावर लिहिलं होतं लॉजिस्टिक आणि मला वाटलं असेल बाबा काहीतरी ट्रकचं भाडं. वर्षभरानं शेजाऱ्यानं तीच गाडी त्याच शोरूममधनं घेतली, त्याच्या कागदावर ही ओळच नव्हती. का नव्हती तर त्यानं विचारलं होतं. एवढंच. मला अजून राग येतोय त्याचा, शेजाऱ्याचा नव्हे, माझा.

टेफ्लॉन कोटिंग नव्या गाडीच्या नव्या पेंटवर कशाला पाहिजे हे मला आजपर्यंत कुणी पटवून दिलेलं नाही. खोडा. ॲक्सेसरीज किटमध्ये बहुतेक मॅटिंग, सीट कव्हर, मडफ्लॅप, बॉडी कव्हर, एखादी परफ्युमची बाटली आणि देवाची मूर्ती असं असतंय. मॅट आणि मडफ्लॅप तेवढे घ्या, बाकी आपल्या गावात बाहेरच्या दुकानात सीट कव्हर डोळ्यासमोर शिवून मिळतात, सगळं मिळून सात हजारांच्या आत बसवा. एक सावधगिरी मात्र, वायर कापून बसवायच्या वस्तू, म्हणजे म्युझिक सिस्टीम, जादा लाइट, असलं बाहेर करू नका, उद्या वायरिंगचा प्रॉब्लेम आला की वॉरंटीत वाद घालत बसावं लागतंय.

एक्स्टेंडेड वॉरंटी वाईट नाही, तुमचं रनिंग बघता उपयोगीच आहे, पण ती आजच घ्यायला पाहिजे असं नाही. बऱ्याच कंपन्या मूळ वॉरंटी संपायच्या आत कधीही घेऊ देतात, उशीर केला तर दर थोडा चढतो इतकंच. आत्ता ती सौद्यातला मोहरा म्हणून ठेवा, कसा ते खाली सांगतो. फास्टॅग लागतोच, नव्या चारचाकीला २०१७ च्या डिसेंबरपासून तो बंधनकारक आहे, ६०० रुपयांवर वेळ घालवू नका. नंबरप्लेटचे वेगळे पैसे मागितले तर देऊ नका, हाय सिक्युरिटी प्लेट नव्या गाडीबरोबरच यायची असते.

आता इन्शुरन्स, खरी मलई इथं आहे. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी (आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा) घ्यावाच लागतोय, सप्टेंबर २०१८ पासून तसा नियम आहे, आणि त्याचा दर सरकारी असतोय, कुठनंही घ्या सारखाच (जून २०२२ च्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीला तीन वर्षांचे १०,६४० रुपये आहेत, वर जीएसटी). फरक पडतो तो ओन डॅमेजमध्ये (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा भाग) आणि वरच्या ॲड-ऑनमध्ये, म्हणजे जादा कव्हरमध्ये. 'इन्शुरन्स आमच्याकडनंच घ्यावा लागेल, नाहीतर कॅशलेस मिळणार नाही' असं म्हणतील. घ्यावा लागत नाही. कॅशलेस हे इन्शुरन्स कंपनीचं त्या वर्कशॉपशी टायअप आहे का यावर असतंय, पॉलिसी कुणी विकली यावर नाही. तेव्हा गाडीचं मॉडेल, आयडीव्ही (गाडी चोरीला गेली नाहीतर पार मोडली तर मिळणारी रक्कम) आणि ॲड-ऑन सगळे सारखे धरून बाहेरनं दोन कोटेशन घ्या. आयडीव्ही कमी दाखवून हप्ता स्वस्त करतात, त्याकडं लक्ष ठेवा, नव्या गाडीला तो एक्स-शोरूमच्या पाच टक्के कमी, म्हणजे तुमच्या बाबतीत ६,८४,००० च्या आसपास पाहिजे. माझ्या भाच्यानं असंच केलं तर साधारण तेरा हजारांचा फरक निघाला. तुम्ही बारा धरा.

शिवाय तुमच्याकडं एक हुकमाचं पान आहे जे त्या पाव्हण्यानं तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. नो क्लेम बोनस, म्हणजे एनसीबी. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. अल्टो तुमच्या नावावर, नवी गाडीही तुमच्या नावावर, आणि अल्टोवर सलग पाच वर्षं क्लेम घेतलेला नसेल तर ओन डॅमेजच्या हप्त्यात ५० टक्के सूट नव्या गाडीला लागू होतीय. अल्टो विकली की जुन्या इन्शुरन्स कंपनीकडनं एनसीबीचं पत्र घ्यायचं, ते तीन वर्षं चालतंय. म्हणून मिस्टरांच्या नावावर घ्या, सासऱ्यांच्या नावावर घ्या असलं काही घरात निघालं तर हे कारण पुढं करा, दुसरं काही बोलायची गरजच पडणार नाही. फक्त अल्टोला नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर हा बोनस साठत नाही, ते आधी तपासा.

ॲड-ऑनमध्ये झिरो डेप घ्या, म्हणजे क्लेमच्या वेळी पार्टचा घसारा कापत नाहीत. आणि बावड्यात राहता म्हटल्यावर इंजिन प्रोटेक्शन सोडू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फूट झाली की आपण सगळे मोबाइलवर आकडे बघत बसतो, ४३ ला धोका. पाण्यात बुडालेल्या गाडीचं इंजिन सेल मारल्यामुळं खराब झालं तर साध्या पॉलिसीत ते पैसे मिळत नाहीत. (आणि सेल मारायचाच नाही, टो करून न्यायची.) इथं पैसे वाचवू नका.

आता बेरीज करा. आरटीओत साडेचार-पाच हजार, इन्शुरन्समध्ये बारा, हँडलिंगचे साडेआठ, किटमध्ये सतरा, टेफ्लॉनचे साडेसहा. जवळजवळ ४९ हजार झाले आणि गाडीच्या किमतीवर आपण अजून तोंडसुद्धा उघडलेलं नाही. घरचा रेट म्हणे.

बरं, त्या वीस हजारांचं काय? विचारा की हे कंपनीच्या स्कीमचे आहेत का डीलरचे. कंपनीची स्कीम सगळ्यांनाच असते, त्यात पाव्हण्याचा उपकार काही नाही. अजून एक, सप्टेंबर २०२५ मध्ये चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीचा जीएसटी कमी होऊन १८ टक्के झाला, तो कुणी डिस्काउंट म्हणून तुम्हाला मोजून दाखवायला लागलं तर हसून सोडा, तो दिल्लीनं दिलाय. कंपनीच्या स्कीमचे प्रकार मात्र एकेक करून विचारा: कॅश, एक्स्चेंज, लॉयल्टी, आणि कॉर्पोरेट, ज्यात सरकारी नोकर, शिक्षक बऱ्याचदा बसतात. शाळेचं आयकार्ड आणि पगाराची स्लिप घेऊन जावा. न विचारता हे कुणी सांगत नाही.

अल्टोचा सौदा वेगळा ठेवा, ही चूक फार लोक करतात. 'एक्स्चेंज बोनस पंधरा हजार' असं मोठ्यानं सांगतात आणि जुन्या गाडीची किंमत हळूच वीस हजारांनी पाडतात, आपण बोनस बोनस करत घरी. आधी बाहेर दोन-तीन ठिकाणी अल्टो दाखवा, जुन्या गाड्यांचा धंदा करणारे आहेत, ऑनलाइनवालेही आहेत, आकडा कळून घ्या आणि नव्या गाडीचा ऑन-रोड पक्का झाल्यावरच शोरूममध्ये अल्टोचा विषय काढा. त्यांची किंमत अधिक बोनस हे बाहेरच्या किमतीपेक्षा जास्त असेल तर तिथंच द्या, कटकट वाचली. बाहेर विकली तर मात्र आरसी ट्रान्सफर होईपर्यंत पाठ सोडू नका, कागदावर मालक तुम्हीच राहिलात आणि त्या माणसानं कुणाला धडकवली तर नोटीस बावड्यात येणार.

लोन. शोरूममध्ये बसलेला फायनान्सवाला 'फक्त ६ टक्के' म्हणाला असेल तर तो फ्लॅट रेट (मुद्दल फिटत गेलं तरी शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर व्याज) सांगतोय का ते विचारा. सहा लाख, पाच वर्षं, ६ टक्के फ्लॅट म्हणजे व्याज १,८०,००० आणि हप्ता १३,०००. तेच सहा लाख बँकेत ९ टक्के रिड्यूसिंगनं (उरलेल्या मुद्दलावरच व्याज) घेतले तर हप्ता साधारण १२,४५५ आणि व्याज एक लाख सत्तेचाळीस हजार. सहा टक्के महाग आणि नऊ टक्के स्वस्त, ऐकायला खुळ्यासारखं वाटतंय पण गणित तुम्ही शाळेत शिकवत असाल तर पोरांना फळ्यावर करून दाखवा. हप्ता कमी करून देतो म्हणून सात वर्षांवर नेतील, तिथं ९ टक्क्यानंच हप्ता ९,६५३ होतोय पण व्याज दोन लाख अकरा हजारांवर जातंय. पगार ज्या बँकेत होतो तिथं आधी जावा, तुमच्या शिक्षक पतसंस्थेत विचारा, प्रोसेसिंग फी किती आणि मुदतीआधी फेडलं तर दंड किती हे दोन प्रश्न सगळीकडं विचारा. मंजुरीचं पत्र हातात असलं की शोरूममधल्या खुर्चीत बसायची ऐटच वेगळी असतीय.

बेळगावच्या काकांचं. जीएसटी आल्यापासून एक्स-शोरूमचा फरक फारसा राहिलेला नाही, आणि कर्नाटकचा रोड टॅक्स आपल्यापेक्षा जास्तच आहे. केए पासिंगची गाडी कायम कोल्हापुरात फिरवायची म्हटलं तर बारा महिन्यांच्या पुढं इथलं रजिस्ट्रेशन आणि इथला टॅक्स, तिकडचा रिफंड मागत हेलपाटे. काकांना नमस्कार सांगा. त्यापेक्षा सांगली किंवा कराडच्या डीलरकडनं त्याच मॉडेलचं, त्याच व्हेरियंटचं कोटेशन व्हॉट्सॲपवर मागवा, एमएच ०९ पासिंग करून देणार का विचारा. नाही घेतली तिथनं तरी कागद कामाला येतोय.

आता पाव्हणा. त्या पोराला वाईट समजू नका. सेल्सच्या पोरांना महिन्याला गाड्यांचं टार्गेट, इन्शुरन्सचं टार्गेट, फायनान्सचं टार्गेट, किटचं टार्गेट, पगार बेताचा आणि इन्सेंटिव्हवर घर. तो तुम्हाला फसवायला बसलाय असं नाही, त्याला छापील कोटेशन दिलंय तेच त्यानं तुम्हाला दिलं. म्हणून घासाघीस त्याच्याशी करूच नका, त्याच्यामार्फत मॅनेजरशी करा. त्याला घरी बोलवा, चहा द्या आणि तुमचा खोडलेला कागद हातात ठेवा: "भावोजी, सांगलीचा आकडा हा आहे, तुमच्या साहेबांना विचारा एवढ्यात बसतंय का. बसलं तर इन्शुरन्स नाहीतर वॉरंटी, एक काहीतरी मी तुमच्याकडनं घेते, तुमचं टार्गेटही होईल." हा तो मोहरा. सगळंच खोडलं की समोरच्याला द्यायला काही राहत नाही आणि तोही अडून बसतो. त्यांनी बाहेरच्या इन्शुरन्सच्या दोन-तीन हजार जवळ आणलं तरी घेऊन टाका, पाव्हणाही खूश, सासूबाईही. आणि आकडा सांगितल्यावर गप्प बसायचं, हे आपल्याला जमत नाही, आपण लगेच 'नाहीतर असं करूया' म्हणून स्वतःच दोन हजार वाढवतो.

'आजच्या दिवसच'चं चार दिवसांनी काय झालं ते तुम्हीच लिहिलंय.

मुहूर्त हे मात्र तुमच्या बाजूचं आहे. अनंत चतुर्दशी झाली, पितृपंधरवडा लागलाय, शोरूममध्ये आत्ता माश्या मारत बसलेत. लोक दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात जातात आणि तेव्हा मॅनेजरला कुणाची गरज नसते. तुम्ही बोलणी आत्ता करा, आकडा लिहून सही-शिक्क्यानिशी घ्या, आणि सासूबाईंना पंधरवड्यात पैसे दिलेले चालत नसतील तर बुकिंग घटस्थापनेला करा. बुकिंगचे पैसे शोरूमच्या खात्यावर, कुणाच्या खासगी फोनवर नाही, पावतीवर 'रद्द केल्यास पूर्ण परत' लिहून घ्यायचं. कंपन्या किंमत डिलिव्हरीच्या दिवसाची लावतात, बुकिंगच्या दिवसाची नाही, म्हणून मध्ये वाढली तर कोण सोसणार हेही त्याच कागदावर.

आणि ऐन दसऱ्याच्या संध्याकाळी पहिल्यांदा गाडी बघू नका. त्या दिवशी रांगेनं गाड्या सुटतात, फुगे, रिबन, फोटो, कुणी नीट बघू देत नाही. पासिंग व्हायच्या आधी, चेसिस नंबर लिहून घेऊन, यार्डात दिवसाउजेडी बघा, एकदा तुमच्या नावावर झाली की मग परत करता येत नाही. उत्पादनाचा महिना आणि वर्ष फॉर्म २१ वर (गाडी विकल्याचा दाखला) असतंय, टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. आठ-दहा महिने उभी असलेली गाडी निघाली तर एकतर दुसरी मागा नाहीतर अजून पंधरा-वीस हजार पाडून घ्या.

जाता जाता, शाळेला जाऊन-येऊन रोज जवळजवळ शंभर किलोमीटर म्हणजे सीएनजीचा हिशेब केलाय का? टॅक्सही पेट्रोलपेक्षा कमी आहे. डिकी जाते आणि पंपावर लाइन असते हे खरं, पण एकदा वहीवर मांडून बघा.

राहता राहिला भाऊ. पुढच्या वेळी शोरूममध्ये शिरल्या शिरल्या लोन मंजुरीचं पत्र आणि खोडलेलं कोटेशन टेबलावर ठेवा आणि पहिलं वाक्य तुम्ही बोला: गाडी माझ्या नावावर, चेक माझा, बोलायचं माझ्याशी. तरीही मान त्याच्याकडंच वळायला लागली तर टेस्ट ड्राइव्ह मागा. स्टेअरिंगवर तुम्ही, शेजारी सेल्समन, भाऊ मागच्या सीटवर. गाडी नेहमीच्या गुळगुळीत रस्त्यावर नको, गर्दीत न्या, एखाद्या चढावर थांबवून परत उचला, एसी चालू ठेवून. तेवढ्या वेळात सेल्समनला बोलायला दुसरं कुणी नसतंय.